रहीमसाहेब : शाळेच्या मैदानापासून जकार्त्याच्या सुवर्णपदकापर्यंत

मुंबई-गोवा महामार्गावरून दक्षिणेकडे जाताना महाड मागे पडते आणि सावित्री नदीच्या सोबतीने आपण पोलादपूरला पोहोचतो. येथून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते, तर दुसरी कशेडी घाट ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात व पुढे गोव्याकडे जाते. चारही बाजूंनी सह्याद्रीच्या रांगा असलेल्या या तालुक्यात सपाट जमीन थोडी, आणि जी आहे ती भातशेतीची. त्यामुळे शाळेला मोठे मैदान लाभणे हे येथे भाग्यच मानावे लागते. पावसाळ्यात खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि उन्हाळ्यात पायाखाली कडक ढेकळे असतात. तरीही मुले खेळतातच. कबड्डी, खो-खो, क्रिकेट आणि कधी कधी फुटबॉलही. अशा मुलांना खेळ शिकविणारी व्यक्ती बहुधा त्यांच्या शाळेतील एखादे शिक्षकच असतात. त्यांच्याकडे साहित्य अपुरे असते, नाव कोठे छापून येत नाही आणि यश मिळाले तर ते मुलांच्या नावावर जमा होते.

आपल्या देशाच्या फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी प्रशिक्षक असेच एक शाळामास्तर होते. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत. भारताला आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलची दोन सुवर्णपदके मिळाली, एक १९५१ साली व दुसरे १९६२ साली. दोन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक तेच होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, तेव्हाही संघ त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. परंतु चित्रपटापलीकडचे त्यांचे जीवनही समजून घेण्यासारखे आहे. त्यातही आपल्या मुंबईशी, गोव्याशी आणि कॅथोलिक कुटुंबांतून आलेल्या काही गुणी खेळाडूंशी त्यांचा जो संबंध आला, तो आपल्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे.

बालपण, शिक्षण आणि अध्यापन

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी हैदराबाद ही निजामाच्या संस्थानाची राजधानी होती आणि आजचा आपला मराठवाडा त्याच संस्थानात मोडत होता. उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुले हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात जात. रहीम याच विद्यापीठात शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पुढे ते शहरातील कमर क्लब या नावाजलेल्या संघाकडून खेळू लागले.

तेव्हा आपल्याकडे केवळ फुटबॉल खेळून पोट भरण्याची सोय नव्हती. युरोपात खेळाडूंना क्लबकडून वेतन मिळत असे. आपल्याकडे मात्र खेळाडू कागदोपत्री हौशीच असत. पोलीस दल, रेल्वे, लष्कर किंवा एखादी मोठी कंपनी त्यांना नोकरी देई आणि त्या नोकरीच्या आधारावर ते खेळत. रहीम यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा येथील माध्यमिक शाळा, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविका मिळविल्यावर मुलांच्या खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

त्यांच्या पुढील आयुष्याचा पाया या शिक्षकी पेशात आहे. वर्गात सर्व मुले सारखी नसतात, प्रत्येकाची अडचण वेगळी असते आणि एकदा सांगून भागत नाही, हे शिक्षकाला रोजच्या अनुभवाने कळते. रहीम यांनी हा अनुभव मैदानावर नेला. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत ती जबाबदारी त्यांनी सांभाळली.

कमकुवत पायाची स्पर्धा

त्या काळातील भारतीय फुटबॉल म्हणजे वैयक्तिक कसबाचा खेळ होता. एकाने चेंडू घ्यायचा, दोघा-तिघांना चकवायचे, प्रेक्षकांच्या टाळ्या घ्यायच्या आणि शेवटी चेंडू गमवायचा, असे बहुतेक वेळा घडे. ज्याला सुंदर चकवता येते तोच उत्तम खेळाडू, असा समज होता. रहीम यांना हे मान्य नव्हते. फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ आहे आणि चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो, ही साधी गोष्ट ते मुलांच्या मनावर बिंबवू लागले.

त्यासाठी त्यांनी केवळ उपदेश केला नाही. त्यांनी स्पर्धांचे नियमच बदलले. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू घेऊन चकवत जाण्यास मनाई होती. चेंडू मिळताच तो सहकाऱ्याला द्यावा लागे. उजव्या पायाने खेळणाऱ्यांनी डावा पाय वापरावा आणि डावखुऱ्यांनी उजवा, अशा नियमाच्या स्पर्धाही त्यांनी सुरू केल्या. आरंभी मुलांची फजिती होई आणि बघणारे हसत. परंतु काही वर्षांत हैदराबादेत खेळाडूंची अशी एक पिढी घडली की जिला दोन्ही पाय सारखेच चालत आणि जिची नजर चेंडूबरोबर सहकाऱ्यावरही असे. यासाठी खर्च काहीच लागला नाही. साहित्य तेच होते, मैदान तेच होते, बदलला होता फक्त नियम.

गरीब मुलांकडे त्यांचे विशेष लक्ष असे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीत तुळशीदास बलराम नावाचा एक मुलगा होता. घरची परिस्थिती हलाखीची. रहीम यांनी त्याचा खेळ पाहिला आणि हैदराबादेत सरावाला येण्यास सांगितले, परंतु रोज तेवढे अंतर येण्याजाण्याला पैसे कोठून आणणार? रहीम यांनी सायकलच्या भाड्याची सोय केली. तोच मुलगा पुढे मेलबर्न व रोम ही दोन ऑलिम्पिक आणि जकार्त्याची आशियाई स्पर्धा खेळला आणि भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीपटूंपैकी एक म्हणून ओळखला गेला.

मुंबईच्या कूपरेजवर पाच वर्षे

हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक म्हणून रहीम यांचे नाव देशभर झाले ते आपल्या मुंबईत. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली होती. सुरुवातीची अनेक दशके त्या चषकावर ब्रिटिश लष्करी पलटणींचीच नावे कोरली जात. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती परंपरा मोडली. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याचे बलाढ्य क्लब या स्पर्धेकडे हक्काचे मैदान म्हणून पाहू लागले.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघ मुंबईत आला आणि चषक घेऊन गेला. १९५१ साली पुन्हा तेच झाले. १९५२, १९५३ आणि १९५४ सालीही तेच. सलग पाच वर्षे हा चषक हैदराबादेत राहिला. कूपरेजच्या मैदानावर आलेल्या मुंबईकरांनी या काळात एक वेगळाच फुटबॉल पाहिला. लहान लहान पास, चेंडू नसतानाही जागा बदलत राहणारे खेळाडू आणि दमछाक न होता शेवटच्या मिनिटापर्यंत चालणारी धाव. दिल्लीच्या ड्युरँड स्पर्धेतही या संघाने १९५० व १९५४ साली विजेतेपद मिळविले.

राज्यांच्या संतोष चषक स्पर्धेतही रहीम यांच्या हैदराबादने सलग दोन मोसमांत विजय मिळविला, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबईचा संघ होता. आपल्या दृष्टीने ही पराभवाची आठवण असली तरी मुंबईच्या खेळाडूंनी त्यातून पुष्कळ धडे घेतले. ज्यांनी आपल्याला हरविले त्यांच्याकडूनच शिकण्याची संधी त्यांतील काहींना लवकरच मिळणार होती.

दिल्लीचा आनंद आणि हेलसिंकीचा धडा

१९५१ च्या मार्च महिन्यात दिल्ली येथे पहिली आशियाई क्रीडास्पर्धा झाली. भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांचा पराभव केला आणि १० मार्च रोजी अंतिम सामन्यात इराणला एका गोलने हरविले. गोल केला होता शिवू मेवालाल यांनी आणि कर्णधार होते शैलेन मन्ना. स्वतंत्र भारताचे फुटबॉलमधील हे पहिले मोठे यश होते.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १० विरुद्ध १ असा दारुण पराभव केला. थंड हवा, ओले मैदान आणि आपले अनेक खेळाडू अनवाणी. अनवाणी खेळण्याचे कौतुक आपल्याकडे फार होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सशी अनवाणी पायांनी दिलेली झुंज लोक अभिमानाने सांगत. परंतु हेलसिंकीने दाखवून दिले की अभिमान आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले.

अशा पराभवानंतर एखादा प्रशिक्षक खचून गेला असता किंवा त्याने खेळाडूंवर दोष ढकलला असता. रहीम यांनी अभ्यास सुरू केला. परदेशी संघ कसे उभे राहतात, कसे हल्ला चढवतात, याची ते बारकाईने नोंद घेऊ लागले. १९५३ साली हंगेरीने लंडनमध्ये इंग्लंडचा ६ विरुद्ध ३ असा पराभव केला, तेव्हा हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड पुढे न राहता मागे सरकून खेळला होता आणि इंग्लंडच्या बचावपटूंना त्याच्यामागे जावे की जागेवर थांबावे हेच कळेनासे झाले होते. अशा युक्त्या रहीम यांनी भारतीय खेळाडूंना समजतील अशा भाषेत उतरविल्या. चार बचावपटू, मध्ये दोन आणि पुढे चार, ही पद्धत १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलमुळे जगप्रसिद्ध झाली. रहीम त्या दिशेने आधीपासूनच विचार करीत होते, असे फुटबॉलचे जाणकार मानतात.

मेलबर्न आणि नेव्हिल डिसोझा

येथे आपल्याला एका गोमंतकीय तरुणाची ओळख करून घ्यावी लागेल. गोव्यात फुटबॉलचा प्रारंभ १८८३ साली शिवोली गावी फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी केला, असे सांगितले जाते. पुढे गोव्यातील गावोगावी चर्चसमोरील मोकळ्या जागेत मुले चेंडू लाथाडू लागली, आणि नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी हा खेळ आपल्याबरोबर आणला. शिवोलीपासून जवळच, बार्देशातील आसगाव हे नेव्हिल डिसोझा यांचे मूळ गाव. ३ डिसेंबर १९३२ रोजी जन्मलेले नेव्हिल मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून खेळले आणि मुंबईचे आघाडीचे गोल करणारे खेळाडू म्हणून प्रसिद्धीस आले. रहीम यांनी १९५६ च्या ऑलिम्पिक संघात त्यांना हल्ल्याच्या अग्रभागी ठेवले. याच संघात मुंबईचे गोलरक्षक एस. एस. नारायण हेही होते. समर बॅनर्जी हे संघाचे कर्णधार होते.

पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ न आल्याने भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी उपान्त्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. सामना ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर, प्रेक्षक त्यांचे आणि शरीरयष्टीनेही ते सरस. नेव्हिल यांनी नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा गोल केला. मध्यंतरापूर्वी ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि पुढे कृष्णा किट्टू यांनी चौथा. भारत ४ विरुद्ध २ असा विजयी झाला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्यांचा चोविसावा वाढदिवस तेव्हा दोन दिवसांवर आला होता.

४ डिसेंबरला उपान्त्य सामन्यात समोर युगोस्लाव्हिया होता, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल केले होते तोच देश. या वेळी मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनीच भारताला आघाडी मिळवून दिली. काही क्षण भारत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. परंतु युगोस्लाव्हियाने लगेच बरोबरी केली आणि अखेर ४ विरुद्ध १ असा विजय मिळविला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३ गोलने हरविले. पदक हुकले, परंतु चौथा क्रमांक मिळाला. ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉलने गाठलेले ते सर्वांत मोठे स्थान आजही तेच आहे. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होते. पुढे १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताचा गट अतिशय कठीण होता. हंगेरीने भारताला २ विरुद्ध १ असे हरविले. फ्रान्सविरुद्ध कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या गोलमुळे भारत विजयाच्या जवळ पोहोचला होता, परंतु शेवटच्या काही मिनिटांत फ्रान्सने बरोबरी साधली. पेरूकडून ३ विरुद्ध १ असा पराभव झाला. निकाल प्रतिकूल असले तरी हेलसिंकीचा भारत आणि रोमचा भारत यांतील अंतर सर्वांच्या लक्षात आले. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हेही या पथकात होते, परंतु त्यांना एकाही सामन्यात खेळविले गेले नाही. मुलगा म्हणून त्याला झुकते माप द्यायचे नाही, हे रहीम यांनी यातून सर्वांना दाखवून दिले.

जकार्ता, १९६२

ऑगस्ट १९६२ मध्ये इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे चौथी आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाली. रहीम तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. ज्या कर्करोगाने पुढे वर्षही पुरे होऊ दिले नाही, तो याच सुमारास त्यांच्या फुप्फुसांत मूळ धरीत होता.

स्पर्धेची सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २ गोलने हरविले. दुसऱ्या सामन्यात भारताने थायलंडचा ४ विरुद्ध १ असा पराभव केला, परंतु बचावाचा कणा असलेले जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले. मुख्य गोलरक्षक पीटर थंगराज आजारी पडले व त्यांच्या जागी तरुण प्रद्युत बर्मन यांना उतरवावे लागले. जपानवर २ गोलने विजय मिळवून भारत उपान्त्य फेरीत पोहोचला.

मैदानाबाहेरची परिस्थिती त्याहून बिकट होती. इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना यजमान देशाने प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा चळवळीतील ज्येष्ठ भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. त्यामुळे जकार्त्यात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली. भारतीय दूतावासावर जमावाने हल्ला केला. भारतीय खेळाडू मैदानात उतरले की प्रेक्षक हुर्यो उडवीत. जे काही बोलले गेले त्याच्याशी खेळाडूंचा काहीही संबंध नव्हता, तरी रोष त्यांनाच सोसावा लागत होता.

अशा वेळी रहीम यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत धाडसी निर्णय घेतला. जर्नेल सिंग यांची जखम ओली होती आणि बचावाच्या जागी सतत डोक्याने चेंडू परतविणे त्यांना धोक्याचे होते. दुसरा कोणी असता तर त्यांना विश्रांती दिली असती. रहीम यांना ठाऊक होते की जर्नेल यांनी शिकाऊ वयात आघाडीवरही खेळून पाहिले आहे. उपान्त्य सामन्यात त्यांनी जर्नेल यांना सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरविले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा तो सामना भारताने ३ विरुद्ध २ असा जिंकला. त्यात एक गोल जर्नेल यांचा होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी होता आणि समोर तोच दक्षिण कोरिया. आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंजवळ भाषण केले नाही. उद्याचे सुवर्णपदक मला भेट म्हणून द्या, एवढेच त्यांनी मागितले, अशी आठवण प्रदीपकुमार बॅनर्जी पुढे अनेक वर्षे सांगत असत. ज्या माणसाने आयुष्यभर खेळाडूंना दिले, त्याने प्रथमच त्यांच्याकडे काही मागितले होते.

सेनायन स्टेडियमवर सुमारे एक लाख प्रेक्षक होते. भारताचे राष्ट्रगीत सुरू असतानाही गोंगाट थांबला नाही. मात्र त्या गर्दीत भारताला टाळ्या देणारा एक छोटा गट होता, तो पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. त्याच स्पर्धेतील हॉकीमध्ये भारताला हरविणारे ते खेळाडू फुटबॉलच्या मैदानावर भारताच्या बाजूने उभे राहिले. खेळातील मैत्रीचे हे उदाहरण विसरता येण्यासारखे नाही.

सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग यांनी दुसरा. शेवटच्या पाच मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला, परंतु भारताने आघाडी सोडली नाही. आजारातून उठलेले थंगराज गोलमध्ये होते. कर्णधार चुनी गोस्वामी, बलराम, अरुण घोष, युसूफ खान असे देशाच्या कानाकोपऱ्यातील खेळाडू त्या दिवशी एकत्र लढले. मधल्या फळीत मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे, मूळचे गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको उभे होते. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्या संघात हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती असे सर्व होते आणि त्यांना एका सूत्रात बांधणारा एक शिक्षक होता.

अखेरचे महिने

जकार्त्याहून परतल्यानंतरही रहीम यांनी काम थांबविले नाही. त्यांच्या पोलीस संघाने, ज्याला राज्य पुनर्रचनेनंतर आंध्र पोलीस असे नाव मिळाले होते, त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स चषकाचे संयुक्त विजेतेपद मिळविले. परंतु लवकरच आजाराने त्यांना अंथरुणास खिळविले. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न होते. सुवर्णपदकाला जेमतेम नऊ महिने झाले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर भारतीय फुटबॉल उतरणीला लागला, ही गोष्ट दुःखाने नमूद करावी लागते. १९६० नंतर भारतीय संघ ऑलिम्पिकला पात्र ठरला नाही. १९७० साली बँकॉक येथे कांस्यपदक मिळाले, परंतु आशियाई स्पर्धेचे सुवर्ण पुन्हा कधीच लाभले नाही. एकट्या माणसावर सर्व भार टाकण्याची आपली सवय या अधोगतीस काही अंशी कारणीभूत आहे. रहीम होते तोपर्यंत मुलांसाठी स्पर्धा, सराव, निवड या सर्वांची चिंता त्यांनी वाहिली. ते गेल्यावर तीच शिस्त चालविणारी व्यवस्था देशाने उभी केली नाही. त्यांना कोणताही राष्ट्रीय सन्मान त्यांच्या हयातीत लाभला नाही. त्यांचे पुत्र हकीम यांनी हवाई दलात सेवा केली, आंतरराष्ट्रीय पंच व प्रशिक्षक म्हणून नाव मिळविले आणि २०१७ सालचा ध्यानचंद पुरस्कार स्वीकारला. २०२१ साली त्यांचेही निधन झाले. फोर्तुनातो फ्रँकोही त्याच वर्षी गेले आणि बलराम यांनी २०२३ साली जगाचा निरोप घेतला.

आपल्यासाठी बोध

पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. घरचे लग्नकार्य बाजूला ठेवून कोंढाण्याच्या कामगिरीवर गेलेल्या त्या वीराची कथा या भागातील प्रत्येक मुलाला पाठ आहे. हाती घेतलेले काम स्वतःच्या सुखदुःखापेक्षा मोठे मानण्याची ही वृत्ती रणांगणापुरती नसते. डोक्याला टाके असताना मैदानात उतरणाऱ्या जर्नेल सिंग यांच्यात ती होती, आणि आयुष्याचे शेवटचे बळ खेळाडूंसाठी खर्च करणाऱ्या रहीमसाहेबांतही होती.

परंतु रहीमसाहेबांचे खरे मोठेपण जकार्त्याच्या एका दिवसात सामावलेले नाही. त्यापूर्वीची वीस वर्षे ते धुळीच्या मैदानावर मुलांना डाव्या पायाने चेंडू मारायला शिकवीत होते, कोणाच्या सायकलभाड्याची सोय करीत होते, पराभवाची कारणे शोधीत होते. त्या वीस वर्षांशिवाय तो दिवस उगवला नसता.

आपल्या धर्मग्रामांत आणि शाळांत सुट्टीच्या दिवसांत मुलांसाठी खेळांच्या स्पर्धा भरविल्या जातात. बहुतेकदा लक्ष चषक कोणी जिंकला याकडेच असते. पुढच्या वेळी एखादी स्पर्धा रहीमसाहेबांच्या नियमाने घेऊन पाहावी, की चेंडू मिळताच तो सहकाऱ्याला द्यायचा. मुले आरंभी चुकतील, हसतील, रागावतीलही. पण खेळता खेळता दुसऱ्याकडे पाहण्याची सवय त्यांना लागेल. आणि महाड, पोलादपूर किंवा अशाच एखाद्या आडगावच्या शाळेत जे शिक्षक मुलांना घेऊन रोज संध्याकाळी मैदानावर उभे राहतात, त्यांची आठवण ठेवून त्यांच्या कामाला आपण हातभार लावावा. एखाद्या मुलाच्या सायकलच्या भाड्याची सोय करणे एवढे तर आपल्या हाती निश्चितच आहे.